गोळी आधी, चहा मग

पूर्वी आमच्या स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर सहाच्या लाइनीत, बायका जमल्या की मुलांच्या मार्कांवर बोलायच्या. आता थायरॉईडवर बोलतात! चार घरांत चार बाटल्या, त्यातली एक माझी. डॉक्टर सगळ्यांना एकच सांगतात: सकाळी उपाशी पोटी, साध्या पाण्यासोबत, आणि पुढे तासभर चहा नाही. पण गोळी घेण्याच्या तऱ्हा घरागणिक! मला कोणाला विचारावं लागत नाही. कोणाच्या किचनचा लाइट कधी लागला अन् आल्याचा वास कधी आला, एवढ्यावर मला सगळं कळतं. किस्से आपोआप साठतात.

* * *

समोरच्या सुधाकाकू वयानं मोठ्या. त्यांचं म्हणणं, "उपाशी पोटी औषध घेतलं का उष्ण पडते." म्हणून त्या गोळी घ्यायच्या ग्लासभर दुधासोबत!

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "माताजी, दूध क्यों?"

काकू उलट त्यांच्यावरच चढल्या. "आप ही ने तो बोला था, चाय नहीं पीना!"

* * *

कोपऱ्यावरची लता शाळेत टीचर. सकाळची तिची धावपळ बघवत नाही. थायरॉईडची, लोहाची, कॅल्शियमची, सगळ्या गोळ्या एका तळहातावर अन् एका घोटात खलास!

मी म्हटलं, "अवं लता, या गोळ्याईत चार तासाचं अंतर पाहिजे!"

"काकू, घरात एक बाथरूम. सासू-सासऱ्याईची अन् लेकराईची लाइन लावता लावता माझी शाळा सुटून राहिली. आता गोळ्याईची बी लाइन लावू?"

* * *

इकडच्या तीजेचा, म्हणजे आपल्या हरतालिकेचा, निर्जळ उपवास आला आणि सुधाकाकूंना नवीनच घोर लागला. गोळी चालते का? चालत असेल तर पाण्याचं काय? देवळात भर पूजेत त्यांनी पंडितजींना विचारलंच. आम्ही सगळ्या कान टवकारून!

पंडितजींनी डोळे मिटले. बराच विचार केला. मग हळूच वाकून म्हणाले, "आपकी कितने पावर की है, माताजी? हम तो सौ की लेकर ही पूजा में बैठे हैं।"

* * *

खरी काळजी होती ती विमलची. ही माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. केस गळून राहिले, दोन पायऱ्या चढली की धाप, आणि दर रिपोर्टला आकडा वरच. डॉक्टर डोस वाढवायचे, आकडा ऐकायचा नाही. असंच चाललं तर हृदयावर ताण येईल म्हणाले.

मी विचारलं, "गोळी घेतं केव्हा तू?"

"ह्याईच्या शिफ्टनं!"

म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, धोटेभाऊंच्या, प्लांटच्या शिफ्टनं. ते घरात असले की चहा दोघांचा, गोळी त्याच्या आगेमागे कुठेतरी. डॉक्टरांनी मग वेळच बांधून दिली. सहाला गोळी, सातपर्यंत चहा नाही.

विमल ऐकते थोडी! "माणूस रातभर भट्टीपाशी उभा राहून येते, अन् मी त्याले म्हणू, एकटा पी? लग्नापासून एकटीनं चहा नाही पिला मी, त्याईले बी पिऊ नाही दिला!"

धोटेभाऊ तिथंच बूट घालत होते.

* * *

पुढे भाऊंना नाइट शिफ्ट असली की ते घरी उशिरा यायला लागले. विमल म्हणे, "आजकाल उशिरा सोडतात."

उशिरा कसे सोडतात? आमचे हे त्याच शिफ्टचे, त्याच गेटातून निघतात. ते तर तोवर आंघोळ करून झोपलेले असतात! इकडे विमलचा रिपोर्ट पहिल्यांदा खाली आलेला, तोंडावर जरा तेज आलेलं, अन् भाऊंचं हे काय सुरू झालं? तिला सांगू तरी कसं?

एका सकाळी दुधाची पिशवी घेऊन मुद्दाम मागच्या रस्त्यानं निघाले. पाण्याच्या टाकीमागे कडुलिंबाखाली स्कूटर स्टँडवर, आणि वर हेल्मेट घालून धोटेभाऊ बसल्या बसल्या डुलक्या घेत!

"काय भाऊ! घर तिकडे अन् तुम्ही इथं कावून बसून राहिले? भांडण झालं का विमलशी?"

भाऊंनी दचकून हेल्मेटची काच वर केली. डोळे लाल, तोंडावर रात्रीची काजळी.

"हळू बोला ना वहिनी! सात वाजाचे हायेत अजून. मी दिसलो का चहा टाकते ती!"