उरलेल्या गोळ्यांचे काका

माझ्या चुलत सासऱ्यांइतका औषधांवरून चिडणारा माणूस अख्ख्या कोकणात सापडायचा नाही. औषधं घेणाऱ्यांवर त्यांचा राग नाही, राग आहे तो उरवणाऱ्यांवर. जन्मभर बोटीवर इंजिनं सांभाळली, निवृत्त होऊन मांडवीला घर बांधलं, आता समुद्राकडे बघत गप्प बसावं की नाही? तर हे गृहस्थ लोकांच्या फ्रिजवरचे औषधांचे डबे उपसत फिरतात. मला बघायला आले तेव्हा मला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या वडिलांना मात्र, खोकल्याच्या तीन बाटल्या एकदम उघड्या कशा, याचा जाब विचारला. वडील इतके गडबडले की पाहुण्यांच्या पोह्यांची बशी स्वतःच घेऊन बसले. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गणपतीत काकांचा पारा चढतो. मुंबईचे मुलगे आईबापांसाठी पिशवीभर गोळ्या आणतात, पुढच्या महिन्यात इथला डॉक्टर गोळी बदलतो आणि पिशवी तशीच राहते. काका प्रसाद घेता घेता विचारतात, "मागच्या वर्षीच्या संपल्या काय रे?" शेजारच्या बागायतदाराने जुन्या कॅल्शियमच्या गोळ्या खत होईल म्हणून कलमाच्या आळ्यात पुरल्या, तेव्हा काकांनी त्याला भर रस्त्यात गाठलं. "तुझ्या हापूसचे गुडघे दुखतात काय?" वर बोटीवरचं व्याख्यान झालंच. "तेलकट बोळासुद्धा समुद्रात टाकू दिला नाही मी कोणाला, आणि तुम्ही औषधं गटारात ओतता. गटार जातं कुठे, ठाऊक आहे?"

आम्ही हसायचो. मग काकू गेल्या. त्यांच्या कॅन्सरच्या महागड्या गोळ्यांची दोन खोकी न उघडता राहिली. त्या कुणा गरजू बाईपर्यंत पोचाव्यात, एवढंच काकांना हवं होतं. धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तपासून घ्यायला तयार होत्या, फक्त गोळ्या औषधाच्या दुकानामार्फत याव्यात, अशी त्यांची अट होती. ज्याच्याकडून त्या घेतल्या तो मेडिकलवाला काही ऐकेना.

"काका, एकदा दुकानाबाहेर गेलेला माल मला परत विकता येत नाही."

"विकू नको. चांगल्या असतील त्या बाईंकडे दे, बाकीच्या नीट जाळायला पाठव. काउंटरवर एक खोका ठेवायला तुझं काय जातं?"

"वर विचारावं लागेल."

वर म्हणजे कुठे, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला आठवलं की आजही संताप येतो. हीच गोळी परवडत नाही म्हणून एकाआड एक दिवस घेणाऱ्या बायका डॉक्टरीणबाईंच्या दारात बसलेल्या, आणि इथे ती कपाटात पडलेली. विकताना सगळे तत्पर, परत घ्यायची वेळ आली की सगळ्यांना नियम आठवतात. काका जात राहिले, भांडत राहिले, आणि खोक्यांवरची तारीख उलटून गेली.

त्यानंतर ते दुकानात गेले तेव्हा मी सोबत होते. काका भांडले नाहीत. खोकी काउंटरवर ठेवून म्हणाले, "आता ह्या जाळायला तरी घे रे बाबा." मेडिकलवाल्याने खोकी उचलून आत ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या काउंटरवर पुठ्ठ्याचा एक खोका दिसला, वर हाताने लिहिलेलं: उरलेली औषधं इथे द्या.

आता काका तिथेच स्टूल टाकून बसतात आणि औषधं द्यायला येणाऱ्या भल्या माणसांनाही झापतात, "एवढी घेतलीस कशाला?" परवा डॉक्टरीणबाई मुद्दाम सांगायला आल्या. काकूंच्यासारख्याच गोळ्या खोक्यात आल्या होत्या, आणि चिपळूणच्या एका बाईंना त्या सुरू झाल्या होत्या. मला वाटलं, आता तरी हा माणूस खूश होईल.

"तारीख शिल्लक होती ना?" काकांनी विचारलं.

"होती की," बाई म्हणाल्या.

काकांनी खोक्याचं झाकण नीट बसवलं.

"हिच्या गोळ्यांवरही होती हो," ते म्हणाले.