दोनदा मोजणारे अध्यक्ष

ते सगळं दोनदा मोजतात. इथे परदेशात, झूटरमेरच्या आमच्या बौद्ध मंडळात खुर्च्या, कागदी प्लेटा, सहलीला निघालेली पोरं, सगळं बोट फिरवत दोनदा. पूर्वी आमचा अध्यक्ष चहा पिता पिता हात वर करून ठरायचा. यांनी अध्यक्ष झाल्यावर ते बंद पाडलं. गुप्त मतदान, सर्वांसमोर मोजणी, प्रत्येक चिठ्ठी वर धरून दाखवायची. "नियम म्हणजे नियम," म्हणताना ते शब्दाशब्दाला टेबल ठोकतात. मला पटलं होतं. पहिली टाळी माझीच.

यंदा त्याच मोजणीत ते तीन मतांनी हरले. फेरमोजणीतही तीनच. तरी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ताबा काही त्यांनी सोडला नाही. उलट तिथे फक्त त्यांनाच लिहिता येईल असं करून ठेवलं, "मोजणीचा अहवाल मंजूर होईपर्यंत."

त्याच आठवड्यात नागपूरला माझे बाबा गेले. मला जाता आलं नाही, म्हणून इथे घरीच वंदना ठेवली. ग्रुपवर तेवढं कळवा, म्हणून मी त्यांना फोन केला.

"वाईट झालं, ताई. पण मी आता अध्यक्ष नाही. मला अधिकार नाही."

"मग ग्रुप तरी उघडा ना."

"तो निर्णयही अध्यक्षांचाच."

शनिवारी बरोबर चारला ते आले. बूट दाराशी नीट लावले, बाबांच्या फोटोला हात जोडले आणि बसलेल्यांवरून बोट फिरवलं. दोनदा.

"पाचच?" ते हळूच म्हणाले. "लोकांना काही वाटतच नाही हो, ताई."