सरकीचा ड्रॉवर

साठ-एकसष्ट साल असेल. अमरावतीत आमच्या दुकानासमोर एका सकाळी जीप येऊन थांबली... आणि उतरलेल्या साहेबांनी विचारलं, या गाडीच्या मागे कपाट बसवून द्याल का?

मी तेव्हा चोवीस-पंचवीसचा सुतार. दारं केली होती, खाटा केल्या होत्या, पण चालत्या गाडीत कपाट? हे काही डोक्यात बसेना.

साहेब गुरांचे डॉक्टर होते, पुण्याकडचे. परतवाड्याच्या पुढे डोंगराकडच्या गावांत पंधरा-पंधरा दिवस मुक्काम करायचा आणि गुरांना बुळकांडीची लस टोचायची, हे त्यांचं काम. लस बर्फाच्या पेटीत नीट राहायची, पण काचेच्या सिरिंज रस्त्यातच फुटायच्या. मागच्या फेरीत दुसऱ्याच गावात सगळ्या संपल्या आणि डॉक्टर लस घेऊन तसेच परत आले...

बुळकांडी म्हटल्यावर मी नाही म्हणूच शकलो नाही. मी दहा वर्षांचा असताना आमची बैलजोडी आठवड्याच्या आत त्या रोगाने गेली होती. बाबा दोन दिवस जेवले नव्हते.

पण जीप हलते कशी, हेच मला माहीत नव्हतं. म्हटलं, आधी मला मागे बसवून फिरवून आणा. डॉक्टर हसले, पण कच्च्या रस्त्याने बडनेऱ्यापर्यंत नेऊन आणलं. कपाट जिथे बसणार तिथेच मी मांडी घालून बसलो होतो.

परत आलो तेव्हा पाठ सोलवटली होती. पण एक कळलं... गाडी नुसती उडवत नाही, आडवीही फेकते. आणि चढ लागला की मागचं सगळं सामान बाहेर यायला बघतं.

मग सागवानाचे पाच ड्रॉवर केले. प्रत्येकाला खालून खाच दिली, म्हणजे आधी वर उचलायचा आणि मगच ओढायचा. कितीही हिसके बसले तरी आपोआप उघडणार नाही. स्टोव्ह, भांडी, शिधा, अंथरूण, सगळ्यांची सोय झाली. अडलं ते सिरिंजच्या ड्रॉवरपाशी.

गवत घालून पाहिलं, ते दबून जायचं. लाकडाचा भुसा नको तिथे शिरायचा. थंडीचे दिवस होते, कापसाची जिनिंग जोरात चालू होती... आणि डोक्यात आलं, सरकी! रुई काढल्यावर उरणारं हे बी, अंगाला बारीक लव असते, त्यामुळे वस्तूभोवती छान धरून बसतं. बायकोकडून बारा अंडी मागून घेतली, सरकीत पुरली आणि पुन्हा बडनेरा गाठलं.

एकही फुटलं नाही. बायको म्हणाली, "आता हे अंडे खायचे, का रोज फिरवूनच आणता?"

पहिल्या गावापर्यंत डॉक्टरांनी मलाही सोबत नेलं, काही बिघडलंच तर हाताशी असावा म्हणून. घाटाच्या पायथ्याचं गाव. सिरिंज सगळ्या शाबूत! मी तर हवेतच होतो.

पण दवंडी देऊनही एक शेपूट फिरकलं नाही. टोचलं की जनावर मरतं, असं गावात पसरलेलं, त्यामुळे लोकांनी गुरं रानात पांगवलेली. डॉक्टर झाडाखाली पाणी उकळून, सिरिंज तयार ठेवून दुपारपर्यंत बसून राहिले. मी आपला रिकामा, म्हणून खाच जरा तासावी म्हटलं आणि तो सरकीने भरलेला ड्रॉवर काढून जमिनीवर ठेवला.

वऱ्हाडात जन्मलेला माणूस मी, गुरं सरकीवर कशी तुटून पडतात ते लहानपणापासून पाहिलेलं... आणि सरकी उघड्यावर ठेवतो!

कुठूनशी एक हडकलेली गाय दावं तोडून आली आणि तिने सरळ ड्रॉवरमध्ये तोंड घातलं. मी ओरडत धावलो. मागून एक म्हातारी आली, गाय तिचीच, घरात लपवून ठेवलेली. तिने माझा हात धरला.

"राहू दे बापू. दोन वर्षं झाले, तिले सरकी नाई भेटली."

मी मागे सरलो. म्हातारी बराच वेळ गाईकडे पाहत उभी होती. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "खाऊन राहिली तवरक टोचून घ्या साहेब. मी तिकडं तोंड करून उभी रायतो."

डॉक्टरांनी टोचलं. गाईने मानसुद्धा वर केली नाही.

आता सगळं त्या एका गाईवर होतं. ती मेली असती तर त्या पट्ट्यात डॉक्टरांना कुणी पाणीही विचारलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिला थोडी कणकण आली, मी घडीघडी गोठ्यात जाऊन बघून यायचो... तिसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यात उभी राहून रवंथ करत होती. गाव येऊन बघून गेलं. संध्याकाळपर्यंत गाडीभोवती गुरंच गुरं, आणि सरकीचा दाणाही उरला नव्हता. परतताना सिरिंज माझ्या धोतरात गुंडाळून आणल्या.

आल्या आल्या डॉक्टरांनी सहावा ड्रॉवर करायला सांगितला. सगळ्यांत मोठा, फक्त सरकीसाठी.

पुढच्या वर्षी ते दुसरी जीप घेऊन आले. मधे त्या भागात बुळकांडी येऊन गेली होती, पण त्या गावात एकही जनावर दगावलं नव्हतं. मी भीत भीत म्हातारीच्या गाईचं विचारलं.

"व्यायली," ते म्हणाले. "कालवड झाली."

मी रंधा खाली ठेवला आणि दुकानाच्या मागे जाऊन मनसोक्त रडलो. पंधरा वर्षांपूर्वीच्या आमच्या बैलांसाठी मी तोवर कधी रडलोच नव्हतो... त्या दिवशी ते झालं. त्या गाईचे माझ्यावर फार उपकार आहेत.