गोजरबाईची भवानी

चहा मिळाला नाही की गोजरबाईची जीभ चालते, आणि मिळाला की जरा गोड चालते. एवढाच काय तो फरक. नरसी नामदेवला मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं नारळ-फुलांचं दुकान आहे. तिथं नारळ विकत मिळतो आणि मत फुकट मिळतं, तेही न मागता. सोन्याचा भाव वाढला तर, "बरं झालं, चोराला बी परवडंना आता." निवडणूक आली तर, "पहिलं दारात येऊन हात जोडत व्हते, आता फोनात जोडून राहिले. पायाला तेवढीच तकलीफ कमी." फोनवरून कुणाला गंडवल्याची बातमी कानावर आली की म्हणणार, "आधी चोराला भिंत फोडावी लागायची. आता बसल्या जागी काम. अन् म्हणे जग धावून राहिलं."

अशा या बाईची एक रीत मात्र पक्की. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे हातात पडले की ते कपाळाला लावायचे, डोळ्यांना लावायचे, मगच दुकानात हाताखाली असलेल्या पल्लवीनं शेजारच्या टपरीवरून चहा आणायचा. भवानी झाल्याशिवाय घोट नाही. सासूनं घालून दिलेलं हे वळण तीस वर्षं बिनतक्रार चाललं, कारण साडेसहाला भवानी व्हायची आणि पावणेसातला चहा.

घोळ झाला तो दिवाळीत. एकुलता एक विजयकुमार चाकणच्या कंपनीतून सुट्टीवर आला आणि त्यानं दुकानात तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवला. सोबत बोलणारा डबा. पहिल्याच गिऱ्हाइकानं फोन दाखवला, डबा म्हणाला, वीस रुपये मिळाले. गोजरबाईनं सवयीनं हात पुढं केला. हातावर काहीच पडलं नाही. आता कपाळाला लावायचं काय? तिनं आख्खा डबाच उचलून कपाळाला लावला. गिऱ्हाईक हसलं, त्याची बायको हसली, विजयकुमारलाही हसू आवरलं नाही. ते तिला फार लागलं.

"घेऊन जाय तुह्यं हे खोकडं," ती चारचौघांत कडाडली. "ज्या पैशाला हात लागत न्हाई, त्याला कपाळ कसं लावू?"

"माय, सगळे फोननंच देऊन राहिले. अशानं दुकान बंद पडंल तुह्यं."

"पडू दे. तू न्हाईस ना चालवायला."

एवढं बोलायला नको होतं, हे तिला बोलता बोलताच कळलं. पण सुटलेला शब्द कुणाच्या बापाला माघारी आणता येतो? विजयकुमार जाताना पाया पडला, डबा तिथंच ठेवला आणि गेला. त्यानंतर तीन आठवडे त्याचा फोन नाही. हिनंही केला नाही. याबाबतीतही तिचं मत तयार होतंच: "फोन लेकरानं करायचा असतो. मायनं केला की लेकराला वाटतं पैसे पायजेत." असं म्हणायची आणि गिऱ्हाईक नसलं की पदरानं फोनची काच पुसत बसायची.

पोरगं चूक बोललं नव्हतं, हाही वैताग होताच. सकाळी हिंगोलीहून मोटारसायकलवर येणारे सगळे फोनवाले. नोटा घेऊन येणारी म्हातारीकोतारी जीपनं दहाला उतरायची. म्हणजे भवानी दहाला, चहा दहाला, आणि तोवर डोकं ठणकून ठणकून बेजार. मंदिराच्या कचेरीतले मार्तंडराव एकदा समजावायला आले.

"गोजरबाई, आता दानपेटीवरही तो चौकोन लागला आहे. देवाला चालतं, मग तुम्हाला का नाही?"

"देवाला च्या लागत न्हाई, मार्तंडराव."

मग एका सकाळी, दुकानासमोर चिटपाखरू नसताना, सहा चाळीसला डबा बोलला: अकरा रुपये मिळाले. गोजरबाई रस्त्यावर धावली. कुणी नाही. बरं, अकरा रुपयांची वस्तूच तिच्याकडं नव्हती. कुणी तरी पैसे देऊन माल विसरलं, असं धरून तिनं फुलांची एक पुडी बाजूला ठेवली. फुकटचा पैसा तिला पचत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा, पुन्हा पुडी. सहाव्या दिवशी सहा पुड्या ओळीनं मांडून ती त्या अनोळखी गिऱ्हाइकाचा उद्धार करत होती. "इतकं इसरभोळं माणूस रोज घरी बराबर कसं पोचतं?"

पल्लवीनं तिचा फोन घेऊन पाहिला. "मावशी, हे पैसे तर विजयकुमारचे हायेत. रोजचे."

गोजरबाई मांडलेल्या पुड्या एकेक करून गोळा करू लागली. आईचा चहा पावणेसातला व्हावा म्हणून पोरगं तिकडून भवानी करत होतं. तिला रडू आलं आणि ते तिनं उदबत्तीच्या धुरावर ढकललं. दुसऱ्या दिवसापासून डबा अकरा बोलला की ती ताजी पुडी कपाळाला लावायची, मार्तंडरावांच्या हाती देवाला पाठवायची आणि चहा मागवायची. पल्लवीनं चिडवलंच, "मत बदललं वाटतं?"

"मत तेच हाय. गिऱ्हाईक बदललं."

फोन मात्र दोघांपैकी कुणीच केला नाही.

परवा डबा अकरा बोललाच नाही. साडेसहालाच एका आजोबांनी दहाची नोट दिली होती, ती तिनं कपाळाला लावली, पल्लवीनं चहा आणून ठेवला. गोजरबाईनं कपाला हात लावला नाही. सात वाजले, आठ वाजले. चहावर साय धरली. कंपनीतल्या मशिनी, तो हायवे, त्याची ती जुनी गाडी, नको नको ते डोळ्यांपुढं यायला लागलं. एका ओळखीच्यानं पेट्रोलचा विषय काढून पाहिला; तिनं मुकाट नारळ दिला. साडेआठला तिनं फोन उचलला. कोणी करायचा, कोणी नाही, काही आठवलं नाही.

बऱ्याच वेळानं झोपेतला आवाज आला. "माय?"

"काहून रे, बरा हायेस ना?"

"डबल ड्युटी झाली. आत्ताच पडलो. डोळाच लागला बघ." मग एकदम जागा होऊन तो म्हणाला, "तुह्या च्याचं ऱ्हायलं. थांब, टाकतो."

"न्हाई न्हाई, घेतला मी च्या. कवाच घेतला. तू झोप."

फोन ठेवला तेव्हा पल्लवी थंड कप उचलायला आली होती. "गरम करून आणू का मावशी? भवानी तर सकाळीच झाली."

"ती दुकानाची झाली," गोजरबाई म्हणाली. "ऱ्हाऊ दे च्या. पोरगं झोपलंय, उठंल मंग पाहू."