उर्सूलमावशीच्या होडीची राणी

उर्सूलमावशी बोलू लागली की पलीकडच्या काठावरचे कोळीसुद्धा मान वळवून बघत. सेन नदीच्या काठाला बांधलेल्या होडीत बसून आम्ही धोबिणी गावाचे कपडे धुवायचो, त्यात ती सगळ्यांत जुनी. राजा गेला, जो तो 'नागरिक' झाला, पण पॅरिसचे मळके सदरे काही कमी झाले नाहीत.

त्या हिवाळ्यात पेठेच्या सभेत ठराव आला: होडी उचलून चामडं कमावणाऱ्यांच्या खालच्या अंगाला न्यायची. तिथल्या पाण्यात पांढरा सदरा बुडवला तर तपकिरी होऊन वर येतो. आमच्या पोटावरच पाय. पण सभेत बोलायचं पुरुषांनी. आम्ही वर सज्जात बसून मोजे विणत ऐकायचं. माझा तर जळफळाट व्हायचा.

मावशी उठून उभी राहिली आणि आम्हालाही मत हवं म्हणाली. सभेचा अध्यक्ष तिबुर्स केसांचे टोप बनवायचा. टोप घालणारी डोकीच उरली नव्हती, म्हणून त्याला वेळच वेळ. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, मत देणं शिकावं लागतं. तुम्हाला कसं जमणार?"

"तुम्ही कधी शिकलात?"

"क्रांती झाल्यावर."

"मग परवाच की हो. आमच्या होडीवर ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या मध्यावर दर वर्षी राणी निवडतात. माझ्या आजीनंही मत दिलंय. काही अडलं तर विचारायला या."

सभा हसली. माझ्या शेजारी बसलेली तिबुर्सची बायको सगळ्यांत मोठ्यानं. मग सदऱ्यांची काळजी असलेल्या पुरुषांनी ठराव पाडला. होडी वाचली. आम्हाला मत द्यावं का, हे मात्र कुणी विचारलंही नाही, आणि मावशी घरी जाईपर्यंत धुमसत होती.

उपवासाचा मध्य आला. राणीची निवडणूक बघायला तिबुर्स खरोखरच आला. मावशीनं त्याला काठावरच्या पायरीवर बसवलं. "बसा. ऐका. बोलायचं नाही." त्याच्या बायकोनं अर्धा विणलेला मोजा त्याच्या मांडीवर टाकला.

नावं पुकारली गेली. आम्ही धुणं बडवायच्या फळ्या वर केल्या. गोऱ्यापान कोलेतचं नाव आलं आणि तिबुर्सचाही हात सवयीनं वर गेला.

"खाली," मावशी म्हणाली.

त्यानं हात खाली घेतला. हसायला सगळ्याच हसलो, पण त्याचा चेहरा बघून मावशी म्हणाली, "मनाला लागतं ना, नागरिक?"

तो मान खाली घालून मोजा चाचपत राहिला.