दुपारी मुकी होणारी डबी

मल्लिनाथने आयुष्यात कधी 'चुकलं' म्हटल्याचं भवानी पेठेत कुणाला आठवत नाही. कॅमेरे आणि दारांचे सेन्सर बसवणं हा त्याचा धंदा. काही बंद पडलं की दोष गिऱ्हाइकाचा, विजेचा, नाहीतर उंदरांचा. मी त्याचा शेजारी. माझ्या घरचा कॅमेरा अंधुक दिसतो, तोही त्याच्या मते माझ्याच नशिबामुळे.

पण अक्कम्माकाकूंच्या दारावरच्या सेन्सरने त्याची झोप उडवली. काकूंचे यजमान शिवयोगीअप्पा यांचा जन्म सूतगिरणीत गेला. आता त्यांना काही आठवत नाही. दोनदा घराबाहेर पडून ते थेट हायवेवर सापडले. म्हणून घरात एक डबी आणि दार उघडलं की तिला घरभर कोकलायला लावणारा सेन्सर बसवला. तो रोज दुपारी मान टाकायचा. काकूंच्या मोबाइलवर 'संपर्क तुटला', आणि चारनंतर आपोआप सुरू. मल्लिनाथने सेल बदलले, सेन्सर बदलला, शेजारच्या यंत्रमागाच्या मोटारीवर आळ घेतला. सकाळी तपासायला जावं तर सगळं ठणठणीत. "काकू, तुमीच कायतरी हात लावताय की!" असं तावातावाने बोलूनही आला. मला संताप आला. त्या बाईला पहाऱ्यापायी दोन घास धड जेवता येत नव्हते.

परवा मात्र भर दुपारी तो मलाच ओढून घेऊन गेला. "आज हितंच बसतो," म्हणाला. अप्पा बाहेरच्या खोलीत कॉटवर झोपले होते. आम्ही मागे स्वयंपाकघरात बसलो. काकूंनी नैवेद्य दाखवला, हात जोडले आणि देवघराची पितळी पत्र्याने मढवलेली जड दारं लावली. मल्लिनाथच्या हातातला काकूंचा मोबाइल थरथरला. संपर्क तुटला.

दहा मिनिटं तो मोबाइलशीच झटापट करत होता. मग एकदम थांबला.

"काकू, मगाशी काय केलंत?"

"काय न्हाय. देवाला निजवलं. रोजच निजवते, चारपर्यंत."

त्याने दारं उघडली. पिंडीशेजारी, सेन्सरचे निरोप घेऊन बोंब मारणारी मुख्य डबी. तिच्यावर भस्माचे तीन पट्टे. पत्र्याच्या दारांआड तिला काही पोचतच नव्हतं. आणि ती तिथे ठेवली होती त्यानेच. नवी वस्तू देवापाशी असू दे, असं काकू म्हणाल्या होत्या, आत दिव्याचा प्लगही आयता होता. वर त्याने नमस्कारसुद्धा केला होता.

त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात डबी किंचाळायला लागली. दार उघडं!

बाहेरची कॉट रिकामी होती.

आम्ही धावत सुटलो. काकू अनवाणी. चौकात ट्रकने करकचून ब्रेक मारल्याचा आवाज आला. ट्रकपुढे एक म्हैस होती. मल्लिनाथ थांबलाच नाही. दोन गल्ल्यांपलीकडे गिरणीच्या कुलूपबंद फाटकाचे गज धरून अप्पा उभे होते. हातात जेवणाचा रिकामा डबा.

आम्हाला बघून ते चिडले. "भोंगा कवाच झाला की. तुमाला ऐकू आला न्हाय?"

त्या गिरणीचा भोंगा बंद होऊन वीस वर्षं झाली. काकू पदर तोंडाला लावून खालीच बसल्या. मल्लिनाथने अप्पांच्या हातातला डबा घेतला.

"न्हाय आला, अप्पा," तो म्हणाला. "चुकलं माझं."