उशांचं घर

लीलावतीबाई नागपूरहून डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनला मुलाकडे आल्या त्या दोन डबे चिवडा आणि एक हट्ट घेऊन. पाच वर्षांच्या नातवानं, श्रेयसनं, आपल्याशी मराठीत बोलावं. त्याला सगळं कळायचं. उत्तर मात्र तिथल्या हेलातल्या इंग्रजीत यायचं, आणि ते बाईंना कळायचं नाही. परतीचं विमान आठवड्यावर आलं तरी गाडी तिथंच अडली होती. जवळच बाग आहे असं सगळे सांगत, पण नोव्हेंबरच्या पावसानं ती बाईंना कधी दाखवलीच नाही.

शाळेतून आला की श्रेयस सोफ्याच्या उशा उपसायचा. कपडे वाळत घालायचा स्टँड ओढायचा, त्यावर आईची, स्वानंदीची, ओढणी टाकायचा, आणि झालं घर. आत एक अस्वल राहायचं. काचेवर पाऊस हलकेच वाजत असायचा, रेडिएटरची ऊब पसरायची, ओढणीतून गाळून आलेला पिवळा उजेड जमिनीवर सांडायचा. बघता बघता बाईंचीही तंद्री लागायची. आपण नागपुरात नाही, आयर्लंडमध्येही नाही, मधेच कुठेतरी आहोत असं वाटायचं.

पण तेवढ्यात अंधारायचं. तिथल्या हिवाळ्यात साडेचारलाच संध्याकाळ. आणि केर काढून, पसारा आवरून मगच देवापुढे दिवा लावायचा, हा बाईंचा उभ्या जन्माचा नेम. सूर्य मेला लवकर मावळला तर त्याला कोण काय करणार? खेळ अगदी रंगात आला की बाई उशा जागेवर लावून मोकळ्या व्हायच्या. पोर रडायचं नाही. नुसतं बघत राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायला घ्यायचं.

स्वानंदीनं एकदा भीतभीत सांगितलं होतं की शाळेतल्या टीचर म्हणतात, घरात असं खेळू द्या, खेळता खेळताच मुलांना बोलायला सुचतं. बाईंनी मनात म्हटलं, उशांशी बोलून कोण शहाणं झालंय?

त्या मंगळवारी त्या झाडू घेऊन ओढणीपाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या. आत श्रेयस अस्वलाला रागवत होता.

"काऊन रे बाप्पा, तसाच आला काय? पाय कोन धुईन?"

शब्द बाईंचे, ठसका बाईंचा. फक्त 'र' तेवढा डब्लिनचा. मग आवाज मऊ झाला. अस्वलाला वरणभात भरवला गेला, तूप वाढलं गेलं, "निज माह्या राजा" म्हणून थोपटलं गेलं. इतक्या दिवसांत बाई जे जे बोलल्या, ते सगळं पोरानं या घरात आणून जपलं होतं. आणि त्या रोज येऊन तेच घर मोडत होत्या. बाईंना भरून आलं, आणि स्वतःचा रागही आला.

झाडू भिंतीला टेकवून, गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत त्या रांगत आत शिरल्या. श्रेयसनं अस्वल सरकवून जागा केली आणि त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आता इंग्रजी येणार, अशी बाईंनी मनाची तयारी केली.

"आजी, पाय धुतले काय?"

लीलावतीबाई आल्या तशाच रांगत बाहेर पडल्या, आणि बाथरूममध्ये जाऊन खरोखरच पाय धुऊन आल्या. देवापुढे दिवा त्या दिवशी पसाऱ्यातच लागला.